पाद्र्याची बेरीज

माझी बायको गेली तेव्हा तिच्या लॅपटॉपवर सात पानं राहिली होती. सहा लिहून झालेली पण पाठवलेली नाहीत, आणि सातवं निम्म्यावर थांबलेलं. ती सात पानं तिच्या नावाने पुरी व्हावीत, एवढंच मला हवं होतं. ते झालं नाही, आणि माझ्यामुळेच झालं नाही. कसं ते लिहितो. मी चौथी पास आहे. लिहिण्यात चुकलं तर चुकलं.

पानं कसली ते आधी सांगतो. इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाच्या काळात शास्त्राची वेडी माणसं होती. कोणी किडे गोळा करायचा, कोणी समुद्रावर जाऊन शिंपले बघायचा, कोणी छपरावर दुर्बीण लावून तारे मोजायचा. ही माणसं एकमेकांना पत्रं लिहायची. मी हे बघितलं, तुम्ही काय बघितलंत, माझं चुकलं असेल तर सांगा, अशी. त्या पत्रांचे खोकेच्या खोके तिकडे पडून आहेत. आता कोणीतरी त्यांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकलेत. आपण घरी बसून फोटोतलं अक्षर वाचायचं आणि शेजारच्या चौकटीत टाइप करायचं. पगार नाही. दुसरं माणूस ते तपासतं, आणि पास झालं की पानाखाली टाइप करणाऱ्याचं नाव येतं.

हे काम माझी बायको करायची.

लग्नाआधी ती रत्नागिरीकडे एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. मी दुबईला देरात होतो, खाडीवर. तिथे लाकडी गलबतं लागतात, इथे सगळे त्यांना लाँच म्हणतात. त्यात माल चढतो तो मोजून लिहायचा, हे माझं काम. टॅलीवाला. टायर, फ्रिज, चहाच्या पेट्या. खोक्यावरचं छापील इंग्रजी मला वाचता येतं, आकडे तर झोपेतही येतात, पण सलग इंग्रजी नाही. लग्नानंतर अकरा वर्षं ती गावी माझ्या आईबापांजवळ राहिली. मग मी तिला इकडे आणली. इथे तिचा व्हिसा माझ्या नावावर, घर माझ्या नावावर, फोनसुद्धा माझ्या नावावर. पुढे मी रिटायर झालो तेव्हा आम्ही दोघं मुलाच्या नावावर आलो. तिच्या स्वतःच्या नावाचं या देशात काहीच नव्हतं. तिने कधी तोंडाने म्हटलं नाही, पण त्या पहिल्या पानाखाली नाव आलं तेव्हा तिने मला हाक मारून उठवलं. "अहो, इकडे या, बघा." मी म्हटलं, "काय झालं? पाणी तुंबलं का?" ती स्क्रीनवर बोट ठेवून बसली होती. नावाच्या शेवटी तिच्या बापाचं आडनाव होतं. माझं नव्हतं. मी म्हटलं, "हे काय?" म्हणाली, "शाळेत हेच होतं."

तिला मिळालेली पत्रं एका पाद्र्याची होती. समुद्रकाठच्या गावातला पाद्री. खडकाला टोपीसारखी शिंपली चिकटून बसते, ती भरती आली की फिरायला निघते आणि पाणी उतरताना आपल्याच जागेवर परत येऊन बसते की नाही, हे त्याला बघायचं होतं. म्हणून तो एकेका शिंपलीला रंगाचा ठिपका लावायचा, खडकावर तिच्या जागेलाही ठिपका लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी मोजायचा. चोवीस ठिपके लावले, एकोणीस परतल्या. हे सगळं तो दूरच्या शहरातल्या एका दुर्बीणवाल्या मित्राला लिहायचा, कारण चंद्राचं आणि भरतीचं गणित त्या मित्राकडून यायचं. दुर्बीणवाला कडक होता. वेळ मिनिटात लिही म्हणायचा, 'सकाळी' असं लिहू नकोस.

दुपार कलली, असरची नमाज झाली की आम्ही चहा घ्यायचो आणि ती मला पाद्र्याची बातमी द्यायची.

"अहो, ऐका. आज एकवीस आल्या घरी."

"कोणाच्या घरी?"

"शिंपल्या हो. चोवीसमधल्या एकवीस."

"याला बायको नव्हती का? दुसरा धंदा नाही म्हाताऱ्याला."

"होती की. खडकावर रंगाची डबी धरून तीच उभी असायची."

"काय नाव तिचं?"

"नाव नाही लिहिलेलं. 'माझी बायको थंडीने काकडली', एवढंच आहे."

मग मला चिमटा काढायची. "बघा, आपल्या मित्राला चार-चार पानं लिहितो. आणि तुम्ही देराहून मला चार ओळी. मी खुशाल आहे, तू खुशाल असशील, आईच्या गुडघ्याला तेल लाव."

"मी काय लिहिणार? टायर चढवले, फ्रिज उतरवले?"

"तेच लिहायचं. किती टायर ते लिहायचं."

तिने मला गावाहून अकरा वर्षं पत्रं लिहिली होती, लांबलचक. खोलीत आम्ही आठ जण राहायचो, माझी पत्र्याची पेटी खाटेखाली असायची. बिल्डिंग पाडणार म्हणून घाईत खोली सोडावी लागली, तेव्हा पेटी मागे राहिली. पत्रं त्यात होती. तिने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. पाद्र्याचं मात्र एकेक चिटोरं दीडशे वर्षं कोणीतरी जपून ठेवलं होतं.

त्या पत्रांचं वाचन सोपं नव्हतं. कागद वाचवायला पाद्री एक पान आडवं भरायचा, मग तेच पान फिरवून त्याच अक्षरांवरून उभं लिहायचा. मला तर नुसती जाळी दिसायची. ती लॅपटॉपकडे मान वाकडी करून बघायची आणि त्यातून एकेक शब्द काढायची. एक वही केली होती तिने. पाद्री कोणतं अक्षर कसं काढतो, ते त्यात चित्रासारखं काढलेलं, आणि शेजारी मराठीत: "हा डी मागे झुकतो." "याला शेपटी आहे म्हणून जी समजू नये, वाय आहे." "घाईत असला की टी ची काठी विसरतो."

गेल्या उन्हाळ्यात तिच्या छातीत दुखायला लागलं. दोन दिवस ती ॲसिडिटी म्हणाली आणि मीही ॲसिडिटीच म्हटलं. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटल, आणि पाचव्या दिवशी दफन. कबरीवर दगड आणि नंबर आहे, नाव नाही. त्याचं मला वाईट नाही, आमच्यात ते चालतं. पण तिचा फोन घरात वाजत राहिला. गावच्या बायका, शाळेतल्या जुन्या मुली, कोणाला कळलं, कोणाला नाही. पहिल्याच आठवड्यात मुलाने विचारलं, "अब्बा, अम्मीची लाइन कंटिन्यू करू की क्लोज?" मी म्हटलं, "खलास कर. मला तो आवाज ऐकवत नाही." त्याने ऑफिसातूनच फोन करून बंद केली. हे मी केलं, मुलाने नाही.

लॅपटॉप कपाटात पडून राहिला. थंडी आली, आमच्या वस्तीतले, डिस्कव्हरी गार्डन्समधले लोक संध्याकाळी खाली फिरायला लागले, मी वरच बसून असायचो. एक दिवस नातीला शाळेच्या कामाला लॅपटॉप लागला. तिने उघडला आणि मला हाक मारली.

"दादा, देअर्स अ मेल फॉर दादी."

"काय आहे?"

तिने वाचलं आणि हिंदीत सांगितलं. सात पानं बरेच महिने दादीच्या नावावर अडकून आहेत. एका महिन्यात पूर्ण केली नाहीत तर ती दुसऱ्या कोणाला देणार.

"सहा तर झालेली आहेत ना?"

"येस, बट शी डिडन्ट सबमिट."

तशीच होती ती. लिहून झालं तरी, एकदा अजून बघते, एकदा अजून बघते. मी नातीला म्हटलं, "तू सातवं लिहून टाक ना, बेटा. तुझं इंग्रजी चांगलं आहे." तिने फोटो मोठा करून बघितला. "दादा, नोबडी राइट्स लाइक दिस. आय कान्ट रीड इव्हन वन वर्ड." मुलालाही दाखवलं. तो दमून आला होता. "अब्बा, छोडो ना. हू विल रीड इट?" सुनेने त्याच्याकडे डोळे वटारले, तेव्हा तो म्हणाला, "इन्शाल्ला, वीकेंडला बघतो." वीकेंडला तो अबुधाबीला गेला, कामाने.

मग मीच बसलो. रोज फजरनंतर, घरातले उठायच्या आत, आणि ते शाळा-ऑफिसला गेले की परत. वही एका बाजूला, फोटो दुसऱ्या बाजूला. शब्दाचा अर्थ मला कळत नव्हता, पण अक्षर ओळखणं हे खोक्यावरचा मार्का ओळखण्यासारखंच आहे. डी मागे झुकतो. वायला शेपटी. एका दिवसात दोन ओळी व्हायच्या, कधी एक. आडवं झाल्यावर उभं सुरू केलं, तेव्हा दोन दिवस काहीच जमलं नाही. मग तिच्यासारखी मान वाकडी केली. संध्याकाळी नातीला टाइप केलेलं वाचायला लावायचो आणि ती अर्थ सांगायची. पाद्र्याने लिहिलं होतं की वादळ झालं, खडकावरचा सगळा रंग धुऊन गेला, आता कोणती शिंपली कोणाची ते त्याला सांगता येत नाही. पुढची मोठी ओहोटी कोणत्या दिवशी आहे ते कळव, म्हणजे परत ठिपके लावतो. पुढे सही.

महिना भरायला चार दिवस होते. सातवं पान झालं. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो.

पण मी तिची सहा पानंही बघायला घेतली. म्हटलं, ती एकदा अजून बघणार होती, तर तिच्या जागी मी बघतो. त्या पानांत तक्ते होते. तारीख, ओहोटीची वेळ, किती परतल्या, आणि खाली बेरीज. आकडा दिसला की मी आपोआप बेरीज करतो, चाळीस वर्षांची सवय आहे. एकोणीस, एकवीस, सतरा, बावीस. एकोणऐंशी. खाली होते एक्याऐंशी. मला वाटलं, ही हिची चूक. हिसाबात ती कच्चीच होती. फोटो बघितला तर पाद्र्यानेही एक्याऐंशीच लिहिलेले. पुढच्या पानावर परत तसंच, दोन जास्त. मग पुढच्या पानांवर तीच चुकीची बेरीज ओढत नेलेली.

खाडीवर अशी टॅली मी हातातून सोडली नसती. बेरीज चुकलेला कागद नाखुद्याच्या, म्हणजे लाँचच्या कप्तानाच्या, हातात गेला, तर चूक लिहिणाऱ्याची नाही, सही करणाऱ्याची. माझ्या हाताखाली आलेल्या पोरांना मी हेच शिकवलं. आणि इथे खाली सही हिची यायची होती. जगभरातले शिकलेले लोक ती बघणार. तिच्या नावाखाली चुकीची बेरीज, आणि मी टॅलीवाला जिवंत असताना? मी सहाही पानांवरचे आकडे दुरुस्त केले. सगळ्या बेरजा बरोबर आणल्या, तीनदा मोजून. मग नातीकडून सबमिट करून घेतलं. त्या दिवशी मी खाली जाऊन एकटाच चहा प्यायलो, बरं वाटलं. तिच्या जाण्यानंतर बरं वाटलेला तो एकच दिवस.

आठ दिवसांनी मेल आला. सातही पानं परत. तपासणाऱ्याने लिहिलं होतं की आकडे फोटोशी जुळत नाहीत, आणि एका पानावर नाही, सहा पानांवर. त्यामुळे हे काम नेहमीच्या माणसाने केलंय का याची शंका आहे. नियम पहिला: जे दिसतं तेच लिहायचं, चूक असली तरी. खात्याची खात्री करण्यासाठी फोनवर पाठवलेला कोड टाका.

हा नियम तिने मला सांगितला होता. चहा पिताना, एकदा नाही, पाचपन्नास वेळा. "जे दिसतं ते, अहो. आपली अक्कल त्यात घालायची नाही." मी बिस्कीट बुडवत हूं म्हणायचो.

आणि कोड गेला तिच्या नंबरवर.

मुलगा दोन दिवस त्याच्या मागे होता, ते कबूल करतो. टेलिफोनवाल्यांकडे गेला, नंबर आता दुसऱ्या कोणाला दिलेला. त्या नंबरवर फोन लावला, कोणीतरी हबीबी-हबीबी करत ऐकून घेतलं, पण तोवर कोडची मुदत संपली होती, आणि दुसरा कोड मागितला तर खातंच बंद झालं. मुलगा मला म्हणाला, "अब्बा, आधी मला विचारायचं ना." मी म्हटलं, "तुला वेळ कुठे होता?" सून आत भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

मी म्हटलं, पत्र लिहू. खरं ते सांगू. मी मराठीत बोललो, मुलाने इंग्रजीत लिहिलं. "मी तिचा नवरा. ती वारली. पानं तिनेच लिहिली आहेत, आकडे तेवढे मी बदलले. ते आकडे परत पहिल्यासारखे करा आणि तिचं नाव लावा. सातवं माझं आहे, ते फेकून दिलंत तरी चालेल." मुलाने विचारलं, "एवढं स्ट्रेट लिहू?" म्हटलं, "हो."

तिकडून एका बाईचं उत्तर आलं. चांगली बाई असावी. आधी तिने दुःख कळवलं. तुमच्या बायकोचं काम फार स्वच्छ असायचं, तिची जुनी पानं तशीच राहतील, तिच्या नावाने, असं लिहिलं. पण परत पाठवलेली पानं ज्या खात्यातून आली ते खातं बंद आहे, आणि हयात नसलेल्या माणसाच्या नावाने नवं काम पास करता येत नाही. ती सात पानं दुसऱ्या वाचकाला दिली आहेत.

पुढचं तिने का लिहिलं कोण जाणे. मला समजावं म्हणून असेल. दुर्बीणवाल्याचं एक पत्र त्यांच्याकडे आधीपासून आहे, त्यात त्याने पाद्र्याला झापलंय की तुझ्या बेरजेत दोन शिंपल्या कुठून आल्या, आणि त्यानंतर वर्षभर दोघांत पत्र नाही. कोणत्या बेरजेवरून झापलं ते कोणाला कळत नव्हतं, कारण ती बेरीज सापडली नव्हती. ती या पानांत होती. पाद्र्याने न दिसलेल्या दोन शिंपल्याही परतल्या असतील म्हणून धरल्या असाव्यात, असं त्यांना वाटतं. या शोधावर ते काहीतरी छापणार आहेत, त्यात पानं वाचणाऱ्या त्या नव्या वाचकाचे आभार मानतील.

मुलाने हे वाचून दाखवलं. मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवून विचारलं, "अब्बा, काही उत्तर लिहायचंय का? मी रिक्वेस्ट टाकू परत?"

"काय रिक्वेस्ट टाकणार? तिला उठवून आणणार आहेस?"

तो उठून बाल्कनीत गेला. मी त्याला असं बोलायला नको होतं, पण बोललो.

तिने सहा पानं लिहिली, बरोबर लिहिली. चुकीची बेरीज तिने बघितलीच असणार. शाळेत शिकवलेली बाई होती, चार आकड्यांची बेरीज तिला येत होती, मीच तिला कच्ची समजत आलो. बघूनही तिने तिला हात लावला नाही. म्हणजे ती बेरीज सापडली तिलाच. आणि तिचं नाव तिथून काढलं ते मी. कोणी विचारलं तर असंच सांगतो. कोणी विचारत नाही.

गेल्या आठवड्यात ती पानं पास झाली. नातीने उघडून दिली आणि तिच्या खोलीत गेली. खाली एक नाव आहे, बाईचं की पुरुषाचं ते मला कळत नाही. मी फोटो आणि टाइप केलेलं समोरासमोर ठेवून सातही पानं तपासली, अक्षर अन् अक्षर, सकाळपासून दुपारपर्यंत. एखादी जरी चूक सापडली असती तरी उत्तर पाठवणाऱ्या त्या बाईला लिहून कळवणार होतो, की माझ्या बायकोने हे बरोबर वाचलं होतं. दोनदा तपासली. एकही चूक नाही.